नळीवरचा मुकुट आणि राजाची मालकी: युरोपीय राजघराण्यांच्या शिकारी बंदुकांची पारख

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एका जुन्या घराण्यात पणजोबांच्या काळापासून घोड्यांची, म्हणजे बार उडवणारे हातोडे बाहेर दिसणारी, एक दुनळी काडतुशी बंदूक जपून ठेवलेली आहे. तिच्या नळ्यांवर मुकुटाचे बारीक छाप आहेत. दोन नळ्यांमधल्या पट्टीवर लंडनच्या एका नामांकित कारखान्याचे नाव कोरलेले असून त्याखाली वेल्सच्या राजपुत्राच्या, म्हणजे ब्रिटिश युवराजाच्या, नेमणुकीचा उल्लेख आणि त्याचे तीन पिसांचे चिन्ह आहे. ही बंदूक युरोपातल्या एका राजासाठी घडवलेली होती, असे घरात परंपरेने सांगितले जाते. हे खरे आहे का, ते कसे ठरवावे आणि अशी वस्तू घरात कशी ठेवावी, असे विचारले आहे.

जुन्या शस्त्रांची पारख आणि जतन हे माझे अनेक वर्षांचे काम आहे, म्हणून आधी थेट उत्तर देतो. मुकुट, नेमणुकीची ओळ आणि तीन पिसे या तिन्हींपैकी एकाही खुणेवरून राजाची मालकी सिद्ध होत नाही. घरातली परंपरा खोटी आहे असा याचा अर्थ नाही. तिला आधार देणारा पुरावा दुसरीकडे शोधावा लागेल, एवढेच मला म्हणायचे आहे. राजघराण्याची बंदूक अखेरीस एखाद्या लेखी नोंदीशी जुळल्यावरच ओळखता येते. कोरीवकाम, सोने, हस्तिदंत आणि मुकुट या गोष्टी आपल्याला त्या नोंदीच्या दारापर्यंत नेतात.

मुकुटापासून सुरुवात करू, कारण सर्वांत जास्त गैरसमज त्याच्याविषयीच आहेत. नळी विक्रीला जाण्यापूर्वी तिच्यात नेहमीपेक्षा जास्त दारू भरून बार काढायचा आणि नळी फुटली किंवा फुगली नाही तर तिच्यावर शिक्का मारायचा, ही पद्धत युरोपात फार जुनी आहे. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ मध्ये राजसनद मिळाली आणि पुढे त्यांच्या चाचणीचे शिक्के ठरून गेले. मुकुटाखाली एकमेकांत गुंतलेली ‘जी’ आणि ‘पी’ ही अक्षरे असलेला एक शिक्का आणि मुकुटाखाली ‘व्ही’ हे अक्षर असलेला दुसरा. बर्मिंगहॅमला स्वतंत्र चाचणीगृह १८१३ मध्ये मिळाले आणि त्याच्याही शिक्क्यांत मुकुट आहे. जर्मनीत १८९१ च्या कायद्यानंतर जे शिक्के आले, त्यांतही अक्षरांवर मुकुट आहेत. म्हणजे इंग्लंडमधल्या साध्या शेतकऱ्याच्या कावळे उडवायच्या बंदुकीवरही मुकुट असतो आणि राजाच्या बंदुकीवरही असतो. नळीची चाचणी झाली आहे, एवढेच तो सांगतो.

तरीही हे शिक्के नीट पाहावेत, कारण काळ ठरवायला त्यांच्याइतका भरवशाचा साक्षीदार दुसरा नाही. उदाहरणार्थ, नळीच्या तोंडाशी किंचित अरुंदपणा असलेल्या इंग्रजी नळ्यांवर १८७५ ते १८८७ या काळात ‘नॉट फॉर बॉल’, म्हणजे सबंध गोळीसाठी नाही, असा छाप मारत असत. तो छाप तुमच्या बंदुकीवर असेल तर तिची चाचणी त्या बारा वर्षांतच झाली, हे निश्चित होते, आणि मग घरात ज्या राजाचे नाव सांगतात तो राजा त्या काळात शिकार करत होता का, हे कोणालाही ताडून पाहता येते.

नेमणुकीची ओळ आणि तीन पिसे यांचा उलगडाही असाच आहे. ब्रिटिश राजघराण्यातील व्यक्ती ज्या व्यापाऱ्याकडून नियमित माल घेत, त्याला नेमणूकपत्र मिळे आणि ते मिळाल्यावर तो आपल्या दुकानाच्या पाटीवर, पावत्यांवर आणि मालावर तसे नमूद करू शकत असे. लंडनच्या पर्डी या कारखान्याला वेल्सच्या राजपुत्राकडून, म्हणजे पुढच्या एडवर्ड सातव्याकडून, असे पत्र १८६८ मध्ये मिळाले. त्यानंतर त्या कारखान्यातून बाहेर पडलेली बंदूक सरदाराची असो, गिरणीमालकाची असो की भारतातल्या एखाद्या संस्थानिकाची, कारखान्याचा मान तिच्यावर मिरवला जाणे स्वाभाविक होते. या ओळीचा खरा उपयोगही कालनिश्चितीचा आहे. त्याच पर्डीचा पत्ता १८२६ पासून ऑक्सफर्ड स्ट्रीटचा होता आणि १८८० च्या दशकाच्या सुरुवातीला तो साउथ ऑडली स्ट्रीटचा झाला. पट्टीवरचा पत्ता, नेमणुकीचा मजकूर आणि चाचणीचा शिक्का हे तिन्ही एकाच काळाकडे बोट दाखवत असतील तर बंदूक मुळापासून अखंड आहे असे मानायला जागा आहे. त्यांत विसंगती असेल तर नळ्या बदलल्या असाव्यात किंवा नाव मागाहून कोरले असावे.

आता ‘राजाची बंदूक’ असे म्हणताना आपण तीन वेगळ्या गोष्टी एकत्र करतो, त्या सुट्या करायला हव्यात. काही बंदुका राजाने स्वतःसाठी, आपल्या अंगमापाने घडवून घेतल्या. काही राजाच्या नावाने, राजाच्या खर्चाने, पण मुळातच दुसऱ्याला भेट देण्यासाठी घडल्या. आणि काही राजाला भेट म्हणून आल्या आणि त्याने कदाचित एकदाही खांद्याला लावल्या नाहीत. तिन्ही प्रकारांना राजघराण्याचा इतिहास आहे, परंतु प्रत्येकाचा पुरावा वेगळा असतो.

याचे एक सुरेख उदाहरण रशियाच्या दुसऱ्या कॅथरीनचे आहे. सेंट पीटर्सबर्गच्या योहान आडोल्फ ग्रेके या कारागिराने १७८६ मध्ये तिच्यासाठी हस्तिदंती दस्त्यांची चकमकी पिस्तुले घडवली. ती आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. ही जोडी एका मोठ्या शिकारी संचाचा भाग होती. पिस्तुलांवर सम्राज्ञीच्या नावाचे आद्याक्षर आहे, पण तो संच तिने पोलंडच्या स्तानिस्लाव्ह ऑगस्ट पोन्यातोव्हस्कीला देऊन टाकला. नुसत्या अक्षरावरून आपण पिस्तुले कॅथरीनची म्हणून थांबलो असतो. ती कोणाच्या हातात गेली हे कागदाने सांगितले.

नोंद म्हणजे काय आणि तिचे बळ किती, हे पाहायचे तर फ्रान्सच्या तेराव्या लुईकडे जावे लागते. माझ्या मते या संपूर्ण विषयाचा पाया तिथे आहे. या राजाला बंदुकांचे वेड लहानपणापासून होते. त्याचा वैद्य एरोआर याने बाळराजाच्या दिनक्रमाची जी रोजनिशी ठेवली, तिच्यातही या वेडाचे उल्लेख आहेत. लुईने जमवलेला शस्त्रसंग्रह त्याच्या मुलाच्या, म्हणजे चौदाव्या लुईच्या काळात १६७३ मध्ये क्रमवार नोंदवला गेला आणि संग्रहातल्या बंदुकांच्या लाकडावर यादीतला क्रमांक ठोकला गेला. मालकीचा पुरावा म्हणून कारागिराच्या सहीपेक्षाही हा साधा ठोकलेला आकडा मोलाचा आहे.

नॉर्मंडीतल्या लिझ्यू गावी ल बूर्ज्वा बंधूंचा कारखाना होता. त्यांपैकी मारँ ल बूर्ज्वा हा चित्रकार आणि यंत्रकार होता, त्याला चौथ्या हेन्रीने १५९८ मध्ये दरबारात नेमले होते. खऱ्या अर्थाने ज्याला चकमकी बंदूक म्हणतात, त्या रचनेचे श्रेय सामान्यतः त्याला दिले जाते. घोड्याच्या जबड्यात धरलेली गारगोटी पोलादी पट्टीवर आपटते, ठिणगी पडते आणि त्याच धक्क्याने रंजकाच्या, म्हणजे बार पेटवणाऱ्या चिमूटभर दारूच्या, पात्राचे झाकण उघडते, अशी ती रचना आहे. पट्टी आणि झाकण हे एकाच तुकड्यात घडवण्याची कल्पना किती फलदायी ठरली, हे पुढच्या दोनशे वर्षांच्या युरोपीय युद्धांनी आणि शिकारींनी दाखवून दिले. या कारखान्याच्या मोजक्याच बंदुका उरल्या आहेत. त्यांतली १६२० च्या सुमाराची एक मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने १९७२ मध्ये मिळवली. तिच्या लाकडावर १३४ हा आकडा आहे आणि त्या आकड्याच्या आधारेच ती तेराव्या लुईच्या शस्त्रसंग्रहातली आहे, हे कुठल्याही शंकेशिवाय सांगता येते. निमुळती होत गेलेली ती सडपातळ बंदूक इतकी डौलदार आहे की कोणीही तिला राजाचीच म्हणेल. पण त्या काळातल्या अनेक सरदारांच्या बंदुका तितक्याच डौलदार होत्या. फरक त्या तीन अंकांचा आहे.

मग राजाच्या संग्रहातल्या बंदुका बाजारात आणि खाजगी घरांत आल्या कशा? याचे उत्तरही इतिहासात आहे. १३ जुलै १७८९ रोजी, बास्तीयचा तुरुंग पडण्याच्या आदल्या दिवशी, पॅरिसच्या जमावाने शस्त्रांच्या शोधात राजाचे कोठार फोडले आणि शोभेची शस्त्रेसुद्धा उचलून नेली. काही परत आली, काही कायमची गेली. १८१५ मध्ये नेपोलियनच्या पराभवानंतर मित्रराष्ट्रांच्या सैन्यांनी पुन्हा लूट केली. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनी आणि ऑस्ट्रियातली राजघराणी पदच्युत झाली, तेव्हा अनेक घराण्यांना आपले संग्रह राष्ट्राशी वाटून घ्यावे लागले किंवा विकावे लागले. त्यामुळे खरी शाही बंदूक अनपेक्षित ठिकाणी सापडणे अशक्य नाही. मात्र ती जिथून निघाली आणि जिथे सापडली, त्या दोन टोकांमधला प्रवास कुठेतरी कागदावर असावा लागतो.

नक्षीवर विसंबू नये असे मी म्हणतो, त्याचे कारण केवळ सावधगिरी नाही. नक्षीच्या प्रसाराचा इतिहासच तसा आहे. सतराव्या शतकाच्या मध्यापासून पॅरिसमध्ये बंदुकांच्या नक्षीचे छापील नमुने निघू लागले. राजाचे बंदूककार तुरेन आणि ल ऑलांदे यांच्या कामावरून १६६० च्या सुमारास छापलेले नमुने विशेष प्रसिद्ध आहेत. हे कागद व्हिएन्नात, स्टॉकहोममध्ये, लंडनमध्ये पोचले आणि तिथल्या कारागिरांनी तीच वेलबुट्टी, तेच शिकारी कुत्रे, तीच देवी डायना आपल्या बंदुकांवर कोरली. एखाद्या बंदुकीवर पॅरिसची राजदरबारी नक्षी आहे, यावरून ती बंदूक पॅरिसची आहे एवढेसुद्धा सिद्ध होत नाही. राजाची आहे हे तर दूरच.

माद्रिदच्या नळ्यांची गोष्ट याहूनही उद्बोधक आहे आणि मला व्यक्तिशः ती फार प्रिय आहे, कारण तिच्यात धातूचे ज्ञान आणि दरबारी मान एकत्र आले आहेत. माद्रिदच्या शाही कारागिरांनी, विशेषतः कार्लोस दुसरा आणि फिलिप पाचवा यांची सेवा केलेल्या निकोलास बिस याने, वापरून झालेल्या नालांचे खिळे एकत्र जोडून त्यांच्या लोखंडापासून नळ्या घडवण्याची रीत प्रसिद्धीला आणली. मुळात हे लोखंड चिवट होते, आणि घोड्याच्या टापेखाली ठोके खाऊन ते अधिक चिवट होते असा त्या कारागिरांचा विश्वास होता. खिळे पुन्हा पुन्हा तापवून ठोकताना त्यांतला मळ निघून जाई, आणि नळीचे आखूड तुकडे वेगवेगळे घडवून एकापुढे एक जोडले जात. अशी नळी वजनाने हलकी राहूनही बार सहन करत असे. तिच्या बुडाजवळ कारागिराचा ठसा असे आणि त्याच्या खोलगट भागात सोन्याचा पत्रा बसवलेला असे. या ठशात कारागिराच्या नावावर मुकुट असतो. तो कारागिराच्या दर्जाचा मुकुट आहे, मालकाचा नाही.

या नळ्यांची कीर्ती एवढी पसरली की युरोपभरचे श्रीमंत शिकारी जुनी स्पॅनिश नळी मिळवून तिला आपल्या गावच्या कारागिराकडून नवा दस्ता आणि नवी कळ, म्हणजे बार पेटवणारी यंत्रणा, बसवून घेऊ लागले. लंडनमध्ये, जर्मन राज्यांत, इटलीत माद्रिदच्या ठशांच्या हुबेहूब नकलाही होऊ लागल्या. इटलीतल्या गार्दोने खोऱ्यातल्या लाझारीनो कोमिनात्सोच्या नावाचेही असेच झाले. चुकीच्या अक्षरांनी लिहिलेले त्याचे नाव असंख्य नळ्यांवर आढळते. म्हणून नळीचे मूळ, कळीचे मूळ आणि दस्त्याचे मूळ हे तीन वेगळे प्रश्न समजून प्रत्येकाचे उत्तर स्वतंत्रपणे शोधावे.

जर्मन राजदरबारांकडे वळले की एक वेगळीच अडचण उभी राहते. तिथल्या चाकी बंदुकांमध्ये चावीने ताणलेल्या कमानीमुळे पोलादी चाक फिरते आणि त्यावर घासणाऱ्या लोहमाक्षिक या खनिजातून ठिणग्या पडतात. ही यंत्रणा महाग, नाजूक आणि दुरुस्तीला कठीण होती. तरीही चकमकी बंदूक सगळीकडे रुळल्यानंतरसुद्धा जर्मन राजे आणि सरदार अठराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत नेमक्या नेमबाजीसाठी, नळीत आटे असलेल्या चाकी बंदुका घडवून घेत राहिले. त्यांचा दस्ता आखूड आणि रुंद असतो, कारण तो खांद्याला लावण्यासाठी नसून गालाला टेकवण्यासाठी असतो. हे माहीत नसलेले लोक असा दस्ता पाहून तो कापला असावा असे समजतात, आणि काही ठिकाणी तर त्याला मागे लाकूड जोडून ‘दुरुस्त’ केल्याचेही पाहायला मिळते, जे पाहून फार वाईट वाटते. बव्हेरियाच्या मॅक्सिमिलियनच्या म्युनिक दरबारात एमान्युएल आणि डॅनियल साडेलर या बंधूंनी आणि पुढे कास्पर श्पेट याने पोलाद कोरून निळे केले आणि मागची जमीन सोन्याने मढवली. त्यांच्या जोडीला हिएरोनिमस बोर्स्टोर्फर दस्त्यांवर हाड आणि शिंग यांचे जडावकाम करत असे. या मंडळींचे काम पूर्ण युरोपात वेगळे ओळखू येते. ज्याने ते एकदा प्रत्यक्ष पाहिले आहे, त्याला तिथे शैलीवरूनही बरेच काही सांगता येते. हा अपवाद मी आवर्जून नोंदवतो, कारण काही मोजक्या कार्यशाळा जवळजवळ एकाच दरबारासाठी काम करत होत्या.

भेटीच्या बंदुकांचा विषय निघाला की व्हर्सायचा निकोला-नोएल बूते डोळ्यांसमोर येतो. तो राजाच्या काळातला बंदूककार होता, क्रांतीनंतर व्हर्सायच्या सरकारी कारखान्याचा कलासंचालक झाला आणि नेपोलियनच्या काळात त्याच्या हातून निघालेल्या बंदुका, पिस्तुले आणि तलवारी सेनानींना, मुत्सद्द्यांना आणि राजांना भेट म्हणून गेल्या. १८१५ मध्ये प्रशियाच्या सैन्याने हा कारखाना लुटला. बूतेच्या कामात अक्रोडाच्या लाकडावर चांदी-सोन्याचे तुकडे, निळ्या नळीवर सोनेरी चांदण्या आणि पुराणातली मुखे यांचा इतका नेमका मेळ असतो की त्याची नक्कल लवकर उघडी पडते. मात्र अशी बंदूक समोर आली की ती कोणी वापरली यापेक्षा कोणी कोणाला, कोणत्या प्रसंगी दिली, हा प्रश्न महत्त्वाचा असतो आणि त्याचे उत्तर बंदुकीबरोबर आलेली पेटी, पेटीतील साधने आणि भेटीचा पत्रव्यवहार यांत सापडते. पेटी वेगळी विकली गेली की इतिहासाचा अर्धा भाग तिच्याबरोबर जातो.

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी बंदुकांच्या बाबतीत आपण भाग्यवान आहोत, कारण लंडनच्या मोठ्या कारखान्यांनी प्रत्येक बंदुकीला क्रमांक दिला आणि त्या क्रमांकापुढे गिऱ्हाइकाचे नाव, तारीख, नळीची लांबी, दस्त्याचे माप अशा गोष्टी वहीत लिहून ठेवल्या. तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर अशाच एका वहीत असण्याची शक्यता आहे. क्रमांक बहुधा चापाच्या संरक्षक पट्टीच्या शेपटीवर, कळीच्या पोलादी भागावर आणि नळ्यांच्या खाली सपाट जागेवर असतो. तिन्ही ठिकाणी तो एकच असायला हवा. याशिवाय वरच्या खटक्यावर किंवा पट्टीवर सोन्याने जडवलेला ‘१’, ‘२’ किंवा ‘३’ दिसतो का, तेही पाहावे. राजेलोकांच्या हाकाऱ्याच्या शिकारीत एक बंदूक मारण्यासाठी हातात, तर दुसरी मागे उभ्या असलेल्या भरणाऱ्या माणसाकडे असे, म्हणून बंदुका जोडीने किंवा तिघींच्या संचाने घडत. ‘२’ असलेली बंदूक सापडली, तर ‘१’ कुठे आहे याचा शोध घेतल्यास मालक कोण, हे बरेचदा तिथून कळते.

या शिकारी किती मोठ्या असत, याची कल्पना आज येत नाही. डिसेंबर १९१३ मध्ये इंग्लंडमधल्या हॉल बार्न येथे पाचव्या जॉर्जच्या उपस्थितीत एका दिवसात जवळजवळ चार हजार पक्षी पाडले गेले आणि त्यांतले हजारावर एकट्या राजाने पाडले. ऑस्ट्रियाच्या फ्रान्झ फर्डिनांडच्या नोंदीत आयुष्यभरात मारलेल्या प्राण्यांची संख्या पावणेतीन लाखांच्या घरात आहे. हा संहार आज आपल्याला अस्वस्थ करतो आणि तसे वाटायलाच हवे. पण पारख करणाऱ्याला त्यातून एक उपयुक्त निष्कर्ष मिळतो: ज्या राजाने खरोखर बंदूक वापरली, तिच्यावर वापर दिसतो. दस्त्याच्या मनगटावरची, म्हणजे हाताने धरायच्या बारीक भागावरची, जाळीदार कोरणी झिजलेली असते, नळ्यांच्या डाव्या बाजूला जिथे हात येतो तिथला रंग उडालेला असतो, बिजागरीची खीळ एकदा तरी बदललेली असते आणि अशा दुरुस्तीची नोंदही कारखान्याच्या वहीत सापडते. अगदी कोरी करकरीत ‘राजाची’ बंदूक बहुतेक वेळा भेटीची असते.

मापे तर राजाच्या शरीराचीच साक्ष देतात. जर्मनीच्या दुसऱ्या विल्हेल्मचा डावा हात जन्मवेळच्या इजेमुळे लहान आणि दुबळा राहिला होता, त्यामुळे त्याला मुख्यतः एका हाताच्या बळावर नेम धरावा लागे. त्याच्या म्हणून सांगितलेली बंदूक जड आणि पुढे झुकणारी निघाली, तर तिच्याविषयी शंका घ्यावी. पाचवा जॉर्ज उत्तम नेमबाज होता, पण बाहेर घोडे नसलेल्या बंदुका सर्वत्र रूढ झाल्यावरही तो पर्डीच्या घोड्यांच्या बंदुकाच आयुष्यभर वापरत राहिला. त्याच्या नावावर बिनघोड्याची बंदूक सांगितली गेली, तर ती त्याने वापरली असे म्हणण्यापूर्वी कागद मागावा.

भारतातल्या घरात अशी बंदूक असण्याची कारणे अनेक आहेत आणि त्यांत अभिमान वाटावा असे पुष्कळ आहे. वेल्सचा राजपुत्र नोव्हेंबर १८७५ मध्ये मुंबईला उतरला आणि त्या दौऱ्यात त्याच्या आणि संस्थानिकांच्या दरम्यान भेटींची मोठी देवघेव झाली. फ्रान्झ फर्डिनांड जानेवारी १८९३ मध्ये मुंबईत आला आणि तिथून शिकारीसाठी देशभर फिरला. परंतु याहून कितीतरी जास्त बंदुका आपल्याच संस्थानिकांनी आणि सरदारांनी लंडन आणि बर्मिंगहॅमहून स्वतः मागवल्या होत्या. हॉलंड अँड हॉलंड, वेस्टली रिचर्ड्स आणि पर्डी यांचे भारतीय गिऱ्हाईक फार मोठे होते, आणि त्या बंदुकांवर संस्थानाचे राजचिन्ह, कधी मुकुटासह, जडवलेले असे. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातल्या संग्रहालयात शस्त्रे आणि शिकारीच्या वस्तू एकत्र पाहताना हा काळ डोळ्यांसमोर उभा राहतो. माझा अंदाज विचाराल, तर तुमच्या घरची बंदूक युरोपातल्या राजापेक्षा इथल्याच एखाद्या दरबाराच्या मागणीवरून आलेली असण्याचा संभव अधिक आहे, आणि मी त्याला कमी दर्जाची गोष्ट मानत नाही. कलकत्त्याच्या मँटन किंवा रॉडा यांच्यासारख्या पेढ्यांचे नाव कोरलेले असेल, तर ते विक्रेत्याचे नाव आहे. घडवणारा बहुधा विलायतेतला दुसराच कोणी असतो.

बनावटीविषयी थोडेच सांगतो. सर्वांत सामान्य प्रकार असा की खऱ्या, चांगल्या, पण अनामिक बंदुकीवर मागाहून राजचिन्ह बसवायचे. जुन्या जडावाच्या कडा भोवतीच्या लाकडाबरोबर आकसलेल्या असतात, तिथे मेण आणि तेल शतकभर मुरलेले असते. नव्या जडावाभोवती लाकूड ताजे आणि कडा तीक्ष्ण दिसतात. भिंगाखाली पाहिले की कोरणीच्या खाचेत जुना गंज आहे की चकचकीत धातू, हे कळते. दुसरा प्रकार म्हणजे चकमकी बंदुकीचे एकोणिसाव्या शतकात टोपीच्या (ठोका बसताच पेटणारी छोटी धातूची टोपी वापरणाऱ्या) बंदुकीत केलेले रूपांतर विसाव्या शतकात पुन्हा उलटवणे. ते प्रामाणिकपणे सांगून केले असेल, तर त्यात गैर काही नाही. लपवले असेल, तर बाकीच्या दाव्यांवरचाही विश्वास उडतो.

आता तुम्ही प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. पहिली गोष्ट सुरक्षिततेची आहे: जुनी बंदूक भरलेली आहे असेच गृहीत धरा. काडतुशी बंदूक जाणकाराकडून उघडून पाहावी. ठासणीची असेल तर नळीत लाकडी गज अलगद शेवटपर्यंत सोडून तोंडाशी खूण करावी आणि तोच गज बाहेरून नळीला लावून तो बुडापर्यंत पोचतो का ते पाहावे; चार बोटे कमी पडला, तर आत जुना बार असू शकतो आणि तो काढणे हे तज्ज्ञाचेच काम आहे. ही बंदूक पुन्हा उडवून पाहण्याचा मोह कोणीही धरू नये, विशेषतः नळ्यांवर लाटांसारखी दमास्कस नक्षी, म्हणजे लोखंड आणि पोलाद एकत्र पिळून घडवल्याची खूण, असेल तर. पितळ, पोलाद किंवा लाकूड यांना पॉलिश करू नये. एका दुपारच्या पॉलिशमध्ये मूळ निळाई, खाचांतला जुना रंग आणि लाकडावर ठोकलेला एखादा पुसट आकडा कायमचा जाऊ शकतो. सुती हातमोजे घालून, कोरड्या मऊ फडक्याने धूळ टिपणे एवढेच पुरेसे आहे. पावसाळ्यात ती कापडी वेष्टनात बंद ठेवू नये, कारण कापडात मुरलेला ओलावा गंज वाढवतो.

कायद्याची बाजूही आधीच सांभाळा. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुनाट घडणीच्या किंवा पुरातन मोलाच्या शस्त्रांना सूट आहे, पण ती दुरुस्ती करूनही किंवा न करताही बंदूक म्हणून वापरता येण्याजोगी नसावीत, अशी त्या सुटीची अट आहे. केवळ वय झाले म्हणून परवान्याची गरज संपत नाही. तुमची बंदूक चालू स्थितीत असेल, तर पणजोबांच्या नावचा परवाना वारसाच्या नावावर झाला आहे का, हे आजच जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा शहरात पोलीस आयुक्तालयात विचारून घ्या. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूला १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो आणि ती खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही, त्यामुळे परदेशी लिलावाची स्वप्ने दाखवणाऱ्या मध्यस्थापासून दूर राहा. दस्त्यावर हस्तिदंत असेल, तर वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे त्याच्या खरेदी-विक्रीला मनाई आहे, हेही ध्यानात ठेवावे.

हे सारे झाले की चांगल्या दिवसाच्या उजेडात छायाचित्रे काढा: पूर्ण बंदूक दोन्ही बाजूंनी, पट्टीवरचा मजकूर, नळ्यांखालचे सर्व शिक्के, क्रमांकाच्या तिन्ही जागा, दस्त्यावरचे चिन्ह आणि पेटी असेल तर तिच्या झाकणाच्या आतली चिठ्ठी. नळ्या सुट्या करायची सवय नसेल तर परवानाधारक बंदूक-दुरुस्ती कारागिराकडूनच त्या उतरवून घ्या. मग कारखाना अजून चालू असेल तर त्यालाच, नाहीतर त्याच्या जुन्या वह्या ज्याच्याकडे गेल्या असतील त्याला पत्र लिहा. पत्रात घरातली कथा आधी सांगू नका. फक्त क्रमांक द्या आणि विचारा, की ही बंदूक कोणत्या वर्षी, कोणासाठी, कोणत्या मापाने पूर्ण झाली आणि ती जोडीतली होती का. उत्तरात आलेली मापे तुमच्या बंदुकीच्या मापांशी स्वतः फूटपट्टीने ताडून पाहा. ती जुळली, तर वहीतले नाव कोणाचेही असो, ते त्या बंदुकीच्या पहिल्या मालकाचे आहे असे तुम्ही निर्धास्तपणे म्हणू शकाल.